वंदे, डॉक्टरांनी कोंबड्यांचं विचारलं होतं

वंदे, काल तुझा जलदान विधी झाला. माणूस लई जमलं होतं. मांडवात बसायला जागा नव्हती म्हणून पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून बसली. बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील घेतलं, सगळ्यांनी हात जोडले, आणि मग पंगतीत जो येईल तो माझ्याजवळ टेकून एकच वाक्य म्हणायचा, ‘सुटली बिचारी.’ ऐकून ऐकून माझं डोकं उठलं. काय सुटली? कशातून सुटली? तू सुटायला गेली होतीस का पुण्याला? श्वास घ्यायला गेली होतीस. अठरा दिवस त्या मशीनला जोडलेली तू मरणाची वाट बघत नव्हतीस, फुफ्फुसांची बघत होतीस. एवढा साधा फरक आपल्या माणसांना कळू नये? शेवटी तुझ्या चुलत दिराला मी म्हणाले, ‘भाऊ, तुमी जेवा. बोलू नका.’ तो ताटावरून उठायला लागला. मग मीच त्याला बसवलं आणि भात वाढला.

तू असतीस तर हसली असतीस. ‘वन्सं, तुमचा पारा लई लवकर चढतो,’ म्हणाली असतीस. नणंदेला वन्सं म्हणणारी आपल्या घरात तू शेवटचीच. मी किती वेळा सांगितलं, अगं ताई म्हण, ऑफिसात फोन आला की माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बायका हसतात. तू मुद्दाम आणखी मोठ्यानं म्हणायचीस. आता फोन वाजतो आणि पलीकडून कुणीही काहीही म्हणतं, ताई, मॅडम, बाई. वन्सं कुणी म्हणत नाही.

मढची, डोंगरातली पोरगी तू. माझ्या भावाशी, बाळूशी, लग्न होऊन घोडेगावच्या अलीकडे आमच्या गावात आलीस तेव्हा तुझ्याबरोबर चालणं म्हणजे शिक्षा होती. ओझरला गेलो होतो आपण, आठवतं? गणपतीला नव्हे, धरणाकडं फिरायला. तू पुढं, मी मागं धापा टाकत. तू वळून म्हणालीस, ‘ऑफिसात बसून तुमचा दम गेला बगा.’ माझा दम गेला, आणि तुझा? तुला चढावर बोलता यायचं, गाणं म्हणता यायचं. मी जुन्नरच्या दोन खोल्यांत एकटी राहायला लागले, नवरा जाऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा दर बुधवारी घोडेगावहून एसटीच्या कंडक्टरच्या हाती डबा यायचा. त्यात मासवड्या, वर फडक्यात बांधलेली भाकरी. कधी चिठ्ठी नाही, निरोप नाही. पाच महिने. एकदा मी फोन करून म्हणाले, अगं पुरे आता, मी सावरलेय. तू म्हणालीस, ‘सावरलेल्या माणसाला भूक लागत न्हाई व्हय?’ त्या डब्यांचे आभार मी कधी मानले नाहीत. आज मानतेय, तर ऐकायला तू नाहीस.

आणि मग शेड आली. बाळूनं कंपनीशी करार केला आणि रानाच्या कडेला पोल्ट्री उभी राहिली. मी ऑफिसात सगळा जन्म सातबाऱ्यावर नावं लावण्यात घालवला आहे, म्हणून मला ते नीट मांडता येतं. जमीन तुझ्या सासऱ्यांच्या, आमच्या वडलांच्या नावावर. शेड बाळूच्या नावावर. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं, चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पक्षी भरून नेणारी गाडीही कंपनीचीच. तुझ्या नावावर काय होतं? शेडभर भाताचं तूस पसरणं. रोज ते तूस दाताळ्यानं हलवणं. लॉट गेला की खालचं खत खरवडून काढणं, पिसं झाडणं, पुन्हा तूस. तोंडाला पदर. बाळू म्हणायचा, ‘बाईमाणसाच्या हाताला हे काम चांगलं जमतं.’ त्याला स्वतःला आत गेलं की शिंका यायच्या म्हणून तो बाहेर थांबायचा आणि सुपरवायझरशी बोलायचा. हे मी त्याला परवा तोंडावर म्हणाले. त्यानं मान खाली घातली. मान खाली घालून काय उपयोग, सांग मला.

खोकला लागला तेव्हा आधी सगळ्यांनी हवा बदलली म्हटलं. मग टीबी असेल म्हणून थुंकी तपासली, टीबी निघाला नाही. मग तुला जिना चढवेना, मग नळावरून हंडा आणवेना, आणि तेव्हा मी तुला पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. मीच नेलं. त्या दिवशीचं तू कधी बोलली नाहीस आणि मीही नाही. आज मला बोलायचंच आहे, वंदे. बाकी सगळ्यांवर माझा राग आहे, पण या रागाची सुरुवात त्या खुर्चीपासून होते जिच्यावर मी बसले होते.

डॉक्टरांसमोर दोन खुर्च्या. तू एका खुर्चीत, नवीन साडीत, हातात रुमाल. मी दुसऱ्या खुर्चीत, मांडीवर फाईल. फाईल मीच लावली होती, रिपोर्ट तारखेप्रमाणे, ऑफिसात लावतात तशी. डॉक्टर एकेक विचारत होते आणि मी उत्तरं देत होते. वय मी सांगितलं. खोकला किती दिवस ते मी सांगितलं. तुझी पाळी कधी आली तेसुद्धा मी सांगितलं, बोल! आणि मग त्यांनी विचारलं, ‘घरी पक्षी पाळता का? कबुतरं, पोपट, कोंबड्या?’

मी म्हणाले, ‘नाही.’

तू माझ्याकडं बघितलंस. म्हणालीस, ‘पर वन्सं, आपली ती...’ आणि मी तुझ्या हातावर हात ठेवला. ‘तू थांब,’ मी म्हणाले, ‘मी सांगते ना.’ डॉक्टरांकडं वळून पुन्हा सांगितलं, ‘नाही डॉक्टर, आमच्याकडं कोंबड्या नाहीत.’

मी खोटं बोलले नव्हते गं. तेच तर. माझ्या डोक्यात कोंबडी म्हणजे दारातली, खुराड्यातली, आपण पाळलेली. शेडमधले ते चार हजार पक्षी, ते आपले कुठं होते? कंपनीचे होते. कागदावर कंपनीचं नाव होतं. आपल्या घरात कुणीच त्यांना आपल्या कोंबड्या म्हणायचं नाही. एखादा पक्षी कापून खायची सोय नव्हती, मोजून द्यायचे होते. ‘माल’ म्हणायचो आपण, ‘लॉट’ म्हणायचो. आणि मी, नाव कुणाचं लागलंय हे बघण्यातच जिची हयात गेली, तिनं डॉक्टरांना नावाप्रमाणे उत्तर दिलं. त्यांनी कागदावर एक फुली मारली आणि पुढं गेले. ती फुली मला आजही दिसते.

त्यानंतर तीन वर्षं. गोळ्या, त्या गोळ्यांनी सुजलेलं तुझं तोंड, मग ऑक्सिजनचं मशीन घरात. लाईट गेली की जीव टांगणीला. आणि तू काय करायचीस? नाकातली नळी काढून खुंटीला अडकवायचीस आणि शेडमध्ये जायचीस. पिल्लं आली की पहिले आठ दिवस त्यांना ऊब लागते, दिव्यांकडं सारखं बघावं लागतं, बाळूला ते जमत नाही. मी एकदा रविवारी आले, तर तू तिथं उकिडवी बसलेली, पिल्लांच्या गराड्यात, ओठ निळसर. मी किती ओरडले. तू म्हणालीस, ‘वन्सं, डॉक्टरनी चालायला सांगितलंय, मी चालतीया.’ आपलं ते भांडण तसंच राहिलं. तुझं म्हणणं, काम केलं की बरं वाटतं. माझं म्हणणं, आराम कर. दोघींनाही माहीत नव्हतं की आपण मुद्द्यापासून किती लांब भांडतोय.

मुद्दा सांगितला तो त्या दुसऱ्या डॉक्टरीण बाईंनी, जिथं फुफ्फुसं बदलायची म्हणून तुला पाठवलं होतं तिथं. वयानं माझ्याहून पुष्कळ लहान. तिनं मला बाहेर बसायला सांगितलं. मला राग आला होता, खरं सांगते. फाईल माझ्याकडं आणि मला बाहेर? तिनं तुला एकटीला विचारलं, ‘ताई, सकाळी उठल्यापासून तुम्ही काय काय काम करता ते सांगा.’ आणि तू सांगितलंस. पंधरा मिनिटांनी तिनं मला आत बोलावलं तेव्हा तिचं पेन टेबलावर पडलेलं होतं. ती म्हणाली, पक्ष्यांच्या विष्ठेची, पिसांची धूळ काही जणांच्या फुफ्फुसांना सोसत नाही. सगळ्यांना होत नाही, काहींना होतं. रोज थोडी थोडी आत जाते आणि फुफ्फुस आतून घट्ट होत जातं. ‘आधी कळलं असतं तर?’ मी विचारलं. ‘कदाचित थांबलं असतं,’ ती म्हणाली. कदाचित. या शब्दाला धरून मी किती दिवस बसलेय, वंदे. तो ना पूर्ण मारतो, ना सोडतो.

यादीत तुझं नाव लागलं. नाव लावणं म्हणजे काय हे मला कळतं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला कुठल्या यादीत नाव लागल्याचा आनंद झाला. पण फुफ्फुसं यायच्या आधीच तुझी खालावली. ॲम्ब्युलन्स, पुणे, काचेची खोली. एक्मो म्हणतात त्या मशीनला. तुझ्या मानेत बोटाएवढी जाड नळी घातली. एका वाटेनं काळपट रक्त बाहेर यायचं, मशीनमधून जायचं आणि दुसऱ्या वाटेनं लालभडक होऊन आत. तुझ्या फुफ्फुसांचं काम पलंगाशेजारी उभं होतं. डॉक्टरीण बाईंनी मला नीट समजावलं, ‘मावशी, हा उपचार नाही. यानं फुफ्फुसं बरी होणार नाहीत. हा फक्त थांबा आहे. दुसरी फुफ्फुसं येईपर्यंत त्यांना इथं थांबवून धरायचं. पण फार दिवस धरता येत नाही. रक्त गोठू नये म्हणून पातळ ठेवावं लागतं, त्याची भीती असते, आणि जंतूंची.’ थांबा म्हटल्यावर मला आपला एसटीचा थांबा आठवला, जिथं गाडी येणार हे माहीत असतं आणि कधी ते कुणालाच माहीत नसतं.

आणि तू जागी होतीस! हेच मी सगळ्यांना ओरडून सांगत होते. झोपवून ठेवली नव्हती, शुद्धीत होतीस, तोंडात नळीसुद्धा नव्हती. तिसऱ्या दिवशी त्या व्यायामवाल्या पोरीनं तुला पलंगाच्या कडेला बसवलं. पाचव्या दिवशी उभी केली. फुफ्फुसं आली तर ती झेलायला अंगात ताकद हवी म्हणून. तू रक्ताच्या त्या नळीकडं बघून म्हणालीस, ‘वन्सं, ह्ये रगत धुऊन आणत्यात व्हय?’ मी म्हणाले, हो. तू म्हणालीस, ‘मग माझं तेवढं शेडचं पण धुवा म्हणावं.’ आणि हसलीस. नर्सला कळलं नाही काय झालं ते. मला कळलं, मी तोंड फिरवलं.

गावात मात्र काय चाललं होतं? ‘मशीनवर टाकलं म्हंजी माणूस गेलेलंच असतंय.’ कुणी कुठल्या मोबाईलवर काय बघितलं होतं देव जाणे. एक दिवस गाडी भरून माणसं आली, तेरा जण, सफरचंदांच्या पिशव्या घेऊन. एकालाच आत सोडतात हे सांगूनही दारात गर्दी, आणि ती गावातली म्हातारी काचेला नाक लावून बाकीच्यांना म्हणते, ‘या, शेवटचं बघून घ्या.’ तू बघत होतीस तिच्याकडं! तू हात हलवलास! म्हातारी म्हणाली, ‘बाई गं, हात हलतोय मशीननं.’ मी तिला दंडाला धरून लिफ्टपर्यंत नेलं. वयाचा मान वगैरे मला त्या क्षणी सुचला नाही आणि अजूनही त्याचं वाईट वाटत नाही.

पण सगळ्यांवर कडी केली ती माझ्या भावानं. त्या माणसांनी कान भरले आणि दुसऱ्या दिवशी बाळू तुझ्या पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून डॉक्टरीण बाईंना म्हणाला, ‘मॅडम, तिला आता कशाला त्रास? काढा मशीन. घरी नेतो.’ तू ऐकत होतीस. तुझ्या नवऱ्याचे शब्द तू शुद्धीत, उघड्या डोळ्यांनी ऐकत होतीस. तू पलंगाचा कठडा धरलास, बोटं पांढरी झाली, आणि म्हणालीस, ‘आवो, मी जिती हाय.’ मग मी बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही, बाळूला माहीत आहे. तो बाहेर जाऊन जिन्यात बसून रडला. वाईट माणूस नाही तो, वंदे, घाबरट आहे. पण घाबरट माणसाच्या हातात सहीचा हक्क असतो आणि तू, जिचा जीव, तिच्याकडं फक्त कठडा होता.

अकराव्या दिवशी फोन आला. फुफ्फुसं आहेत म्हणाले. तुला उपाशी ठेवलं, अंग पुसलं, केस बांधले. तू नर्सला म्हणालीस, दोन वेण्या घाला. मी बाहेर, हातात तुझी गळ्यातली डोरली, नाकातली फुली. दोन-तीन तास. मग डॉक्टरीण बाई आल्या आणि त्यांच्या तोंडावरूनच मला कळलं. आणायला गेलेल्यांनी तपासली, ती फुफ्फुसं चांगली नव्हती. कुणाचीच चूक नाही म्हणाल्या. असेल. मला चूक हवी होती, कुणाची तरी. तू एवढंच विचारलंस, ‘ज्याची व्हती त्याच्या घरचे लई रडत असतील न्हाई?’

आणि त्याच दुपारी, दोन वेण्या तशाच असताना, तू म्हणालीस, ‘वन्सं, त्या पयल्या डॉक्टरला तुमी...’ आणि मी काय केलं? तुझ्या हातावर हात ठेवला. ‘बोलू नकोस,’ मी म्हणाले, ‘दम लागेल.’ दुसऱ्यांदा, वंदे. तोच हात, तसंच. तू काय म्हणणार होतीस? तुमी न्हाई कशाला म्हणालात, असं? का, जाऊ द्या, मनाला लावून घेऊ नका, असं? तू जिथं नळीतल्या रक्ताचीही थट्टा करायचीस तिथं काहीही म्हणाली असतीस. मी घाबरले होते, माझीच चूक ऐकायला. तुला दम लागेल म्हणून नाही. आता मला कधीच कळणार नाही, आणि ते बरोबर आहे, मला तेवढी शिक्षा हवीच.

अठराव्या दिवशी डोक्यात रक्तस्राव झाला. ज्याची भीती सांगितली होती तेच. त्यानंतर तू नव्हतीस. मशीन चालू होतं आणि तू नव्हतीस, आणि तेव्हा, फक्त तेव्हा, मी बाळूला म्हणाले, आता कर सही.

काल पंगत उठली आणि बाळूचा फोन वाजला. सुपरवायझर. परवा पिल्लांची गाडी पाठवतो म्हणाला, शेड जास्त दिवस रिकामी ठेवू नका. आणि बाळू म्हणाला, ‘बरं.’ बरं! तुझ्या फोटोवरचा हार सुकला नव्हता. मी विचारलं, आत कोण जाणार? तुझी प्रज्ञा भांडी उचलत होती, ती म्हणाली, ‘मीच जाते की आत्या, आई हॉस्पिटलात व्हती तवा पण मीच बघितलं.’ आणि खोकली. तुझी सतरा वर्षांची पोर, वंदे, तोंडावर तुझीच ओढणी बांधून तूस हलवत होती आणि आम्ही सगळे पुण्याला तुझ्या श्वासाच्या मागं लागलो होतो. माझ्या अंगाची लाही झाली. मी उठले, माझ्या ऑफिसच्या कपाटाचं जुनं कुलूप पर्समध्ये असतं, ते शेडच्या दाराला घातलं आणि किल्ली घेतली. बाळू म्हणाला, ‘ताई, शेड माझ्या नावावर हाय.’ मी म्हणाले, ‘असू दे.’ पहिल्यांदाच म्हणाले मी असं कुणाला. किल्ली माझ्याकडं आहे.

आज सकाळी प्रज्ञाला घेऊन नारायणगावच्या डॉक्टरांकडं गेले. साधा खोकला असेल, तसाच असावा. डॉक्टरांनी छाती तपासली, किती दिवस झाले विचारलं, ताप विचारला. मी हात मांडीवर, एकात एक घालून धरले होते. मग ते म्हणाले, ‘घरी पक्षी, कोंबड्या वगैरे काही?’

माझं तोंड उघडलं होतं. ते मी मिटलं. प्रज्ञानं माझ्याकडं बघितलं, अगदी तू बघितलं होतंस तसं. म्हणाली, ‘कोंबड्या आमच्या न्हाईत, कंपनीच्या...’ आणि थांबली.

‘बोल,’ मी म्हणाले. ‘सगळं सांग.’

‘पर शेडात मीच असते,’ ती म्हणाली. ‘चार हजार असत्यात. तूस मीच हलवते.’

डॉक्टरांनी पेन उचललं आणि लिहून घेतलं. एवढंच होतं, वंदे. सांगायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही.